पहुडलेली बाई, १७/१०० आणि आमच्या घरातला तिढा

ओहायोकर

मंडळी, मुक्काम सिनसिनाटी. दोन आठवड्यांपूर्वी जवळच एक एस्टेट सेल होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं अख्खं घर विकायला काढतात, ताटं-वाट्यांपासून शिवणयंत्रापर्यंत. मी गेलो होतो ड्रिल मशीन घ्यायला. तळघराच्या जिन्यात भिंतीला टेकून एक भली मोठी फ्रेम दिसली. गुलाबी रंगाची एक बाई आडवी पडलीय, एक हात डोक्यामागे, पिवळेधमक केस, लालभडक ओठ. डोळे-नाक काहीच नाही. मागे निळी भिंत, बशीत एक संत्रं. अंगावर कपडे नाहीत हे सांगायला नकोच.

फ्रेमच्या आत चित्राभोवती जी पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट असते त्या मॅटच्या कडेला पेन्सिलने १७/१०० लिहिलंय, शेजारी सही. सेलवाल्या बाई म्हणाल्या, "वेसलमन, लिमिटेड एडिशन, २६० डॉलर." शेवटचा दिवस म्हणून निम्म्यात, १३० ला दिली. ड्रिल मशीन राहिलंच.

आता प्रश्न दोन. एक, हे खरं असेल का? दोन, लावू कुठे? बायकोचं म्हणणं तळघरात. मे महिन्यात वाईहून आई येतेय. ती ७२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. दिवाणखान्यात शिरल्याशिरल्या समोर ही बाई दिसली तर काय होईल?

खट्याळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पेठेतला

तिसरा प्रश्न विसरलात. ड्रिल मशीनशिवाय टांगणार कशी?

मीरा_जर्सी

ओहायोकर, टॉम वेसलमन तुमच्या गाववाला बरं का! जन्म १९३१, सिनसिनाटीच. तिथल्याच विद्यापीठात मानसशास्त्र शिकला. मधे सैन्यात भरती झाली, तिथे व्यंगचित्रं काढायला लागला आणि नंतर न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये चित्रकला. १९६१ पासून त्याने 'ग्रेट अमेरिकन न्यूड' नावाची मालिका काढली, एकेक चित्राला नुसता क्रमांक. लाल-पांढरा-निळा, म्हणजे अमेरिकन झेंड्याचे रंग स्वप्नात दिसले आणि त्यातून मालिका सुरू झाली असं तो सांगायचा. सगळे त्याला पॉप आर्टवाला (जाहिराती, कॉमिक्स, रोजच्या वस्तू यांवरून चित्रं करणारा) म्हणायचे, त्याला स्वतःला ते लेबल आवडायचं नाही.

तुमच्या म्युझियममध्ये २०१४-१५ च्या हिवाळ्यात त्याचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन झालं होतं. माँट्रियलहून निघून रिचमंड, डेन्व्हर करत शेवटचा मुक्काम माहेरी. मी जर्सीहून गाडी मारत आले होते. मोठ्या चित्रांसमोर उभं राहिलं की ती बाई बाई राहत नाही, रंगाचा एक डोंगर होतो. छापील पुस्तकात हे कळतच नाही.

गंमत म्हणजे १९८० मध्ये त्याच्यावर एक जाडजूड पुस्तक आलं. लेखक स्लिम स्टीलिंगवर्थ. हा स्लिम म्हणजे वेसलमन स्वतःच!

पेठेतला

स्वतःवर स्वतःच टोपणनावाने लिहायचं? आपल्याकडे असल्या आयडीला डुप्लिकेट म्हणतात आणि संपादक उडवतात.

शाईवाला

मी इचलकरंजीचा. वडिलांपासून स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे, लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, निवडणुकीत टोप्या. चित्रातलं मला फार कळत नाही, पण छपाईतलं सांगतो.

भावा, पहिलं एक भिंग घे. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी लावतात तसलं. ऑफसेटवर, म्हणजे पुस्तकं-पोस्टरं छापतात त्या यंत्रावर, छापलेलं असेल तर गुलाबी रंग गुलाबी दिसणारच नाही. निळे, लाल, पिवळे, काळे असे बारीक ठिपके फुलासारखे गोळा झालेले दिसतील. स्क्रीनचं काम असेल तर रंग सलग, एकसारखा. भिंतीला प्लास्टिक पेंट मारावा तसा. कागद उजेडात तिरपा धर. शाईचा थर कागदाच्या वर बसलेला कळतो, जिथे दोन रंग भेटतात तिथे केसाएवढा एकावर एक चढलेला असतो. बोटाने नको बघू, घामाचा डाग पडला की जन्मभर राहतो.

स्क्रीनला प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी. चौकटीवर जाळी ताणायची, इमल्शन (उजेडाने घट्ट होणारं रसायन) चढवायचं, वाळल्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे चित्राची पारदर्शक फिल्म, ठेवून उजेड दाखवायचा, मग पाण्याचा फवारा. जिथे पॉझिटिव्हवर काळं होतं तिथलं इमल्शन निघून जातं आणि जाळी मोकळी होते. त्यातून स्क्विजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढायची. आठ रंग आणि १०० प्रती म्हणजे ८०० वेळा ओढायचं, वाया गेलेले कागद वेगळेच. एका रंगाचं रजिस्टर (बाकी रंगांशी जुळणी) सुताएवढं हललं तरी ओठ गालावर. म्हणून अशा कामाला १०० प्रती सारख्या काढणं म्हणजे खायचं काम नाही.

मीरा_जर्सी

शाईवाला, कसलं भारी लिहिलंत. त्यात थोडी भर. १७/१०० म्हणजे शंभरातली सतरावी प्रत, एवढाच अर्थ. ती सतराव्या क्रमांकाने छापली असंही नसतं. गठ्ठा पुढ्यात घेऊन चित्रकार नंबर घालत जातो. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या ड्रायपॉइंटमध्ये पत्रा झिजतो, म्हणून पहिल्या प्रती सरस. स्क्रीनमध्ये तसं नाही, पाचवी काय नि पंच्याण्णववी काय. शंभराशिवाय काही प्रती चित्रकाराच्या स्वतःच्या असतात, त्यांना ए.पी. म्हणतात. तेव्हा 'जगात फक्त शंभर' हे सेलवाल्यांचं वाक्य कधीच पूर्ण खरं नसतं.

निरर्थक

म्हणजे मुळात जे हजार छापता येतं ते मुद्दाम शंभर छापायचं आणि मग 'दुर्मीळ' म्हणून विकायचं. रेशन दुकानदारही हेच करतो. त्याला कलावंत म्हणत नाहीत.

शाईवाला

निरर्थक, पॉइंट आहे. पण माझ्याकडे पत्रिका हजारही छापतात आणि पन्नासही. पन्नासवाल्याला मी जास्त दर लावतो कारण फ्रेम बनवायला कष्ट तेवढेच. इथे फक्त कष्टाचे नाहीत हे कबूल.

गोडबोले_फ्रँकफुर्ट

पहुडलेल्या आकृतीवरून आठवलं. पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलचंही एक प्रसिद्ध काम आहे, त्याचं मूळ चित्र माझ्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर, श्टेडेल म्युझियममध्ये. टिशबाइन नावाच्या चित्रकाराने १७८७ मध्ये काढलेला जर्मन कवी ग्योटं. रोमजवळच्या माळावर, पडक्या अवशेषांमध्ये पांढऱ्या झग्यात ऐसपैस रेललेला. वॉरहॉलने १९८२ मध्ये त्याचे चार स्क्रीनप्रिंट केले, संचाच्या १०० प्रती. पण त्याने बाकी सगळं कापून टाकलं, फक्त डोकं, टोपी आणि खांदे ठेवले. म्हणजे आडव्या माणसाला त्याने उभं करून टाकलं.

मूळ चित्रासमोर उभे राहिलात तर पायांकडे बघा. दोन्ही पाय डावे आहेत! इथले गाइड शाळेच्या पोरांना हेच आधी दाखवतात, पोरं मग ग्योटंकडे बघतच नाहीत.

अनघा_स

वा गोडबोले! पुरुष आडवा पडला की त्याला अंगभर झगा, टोपी, मागे रोमन इतिहास आणि चेहऱ्यावर चिंतन. बाई आडवी पडली की संत्रं.

मला वेसलमनचा मनापासून राग येतो. बाईचे ओठ दिसतात, छाती दिसते, पण डोळे नाहीत. बशीतलं संत्रं आणि ती, दोघींचा दर्जा एकच. मीराताई म्हणाल्या 'रंगाचा डोंगर'. डोंगरच करायचा होता तर डोंगर काढायचा.

मीरा_जर्सी

अनघा, राग समजतो. पण थोडं त्याच्या बाजूने. डोळे-नाक न काढण्याचं कारण त्याने स्वतः दिलंय: त्याला ही व्यक्तिचित्रं करायची नव्हती, चेहरा आला की माणूस येतो आणि उघड्या शरीराचा जो थेटपणा त्याला हवा होता तो कमी होतो. आणि पुढच्या काळात त्याने मोनिका नावाच्या मॉडेलची ढीगभर चित्रं केली. स्टीलच्या पत्र्यातून रेषा कापून केलेली रेखाटनं तर अप्रतिम आहेत. नुसती रेष, हवेत लटकलेली.

अनघा_स

'चेहरा आला की माणूस येतो.' हेच तर मी म्हणतेय, ताई! माझा युक्तिवाद त्यानेच करून ठेवलाय.

गुरिला गर्ल्स नावाचा एक गट आहे, न्यूयॉर्कमधल्या स्त्री कलाकार, गोरिलाचे मुखवटे घालून फिरतात. १९८९ मध्ये त्यांनी एक पोस्टर केलं. अँग्र या फ्रेंच चित्रकाराची ती १८१४ मधली पाठमोरी, आडवी ओडॅलिस्क (जनानखान्यातली बाई) घेतली आणि तिच्या डोक्यावर गोरिलाचं तोंड बसवलं. प्रश्न: न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये शिरायला बायकांना नागडंच व्हावं लागतं का? आकडे त्यांनी स्वतः म्युझियममध्ये फिरून मोजले होते. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री चित्रकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत ८५ टक्के बायका. माझ्या मते पहुडलेल्या आकृतीचा सगळ्यात चांगला छापील कागद हाच. आणि तो जाहिरातफलकासाठी केला होता, तो नाकारल्यावर बसवर लावला, शंभर प्रतींपुरता नाही.

खट्याळ

अनघाताईंना +१. गोरिलालाही +१.

वाईकर_जुने

थोडं अवांतर. आडव्या पडलेल्या आकृतीचं आपल्याला एवढं काय वावडं? अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात शिरलात की डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणातला बुद्ध आहे, सुमारे ७ मीटर लांब, उजव्या कुशीवर, हात गालाखाली. खाली रडणारे शिष्य. दुपारी तिथे गेलो होतो, पहारेकरी त्याच्या पायाशी सावलीत बसून डबा खात होता.

आणि छापील म्हणाल तर आमच्या आजीच्या देवघरात शेषशायी विष्णू होता, रविवर्म्याच्या छापखान्याच्या चित्रांसारखा. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र काढून, एकेक रंगाचा वेगळा दगड करून छापायचे. आवृत्ती किती? मोजणारा दमेल एवढी. लक्ष्मी पाय चेपतेय हे बघून अनघाताई चिडतील ते वेगळं.

अनघा_स

चिडले. :)

निरर्थक

वाईकरांच्या आजीची प्रत आज लिलावात बऱ्या भावाने जाईल. पुरेशी फाटली आणि जळली की अमर्याद आवृत्तीसुद्धा मर्यादित होते.

कुलाबकरीण

ओहायोकर, हे चित्र पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर कागदपत्रं नीट ठेवा. २०२३ मध्ये मुंबई कस्टम्सने चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा आणि अकबर पदमसी यांची परदेशातून विकत घेतलेली सात कामं 'अश्लील' म्हणून अडवून ठेवली होती. सोझा म्हणजे आपल्या गोव्यातल्या साळगावचे! ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने कस्टम्सचा आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं असं सांगून सोडायला लावली. पदमसींवर तर १९५४ मध्येही जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनावरून खटला झाला होता, तो ते जिंकले. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच!

पेठेतला

कस्टम्सवाल्यांना गुलाबी बाईपेक्षा संत्र्याची जास्त काळजी.

ओहायोकर

सगळ्यांचे आभार, धागा कुठच्या कुठे गेला! शाईवाला, भिंग मागवलं, काल रात्री बघितलं. काचेवरून नीट दिसत नव्हतं तरी गालापाशी ठिपके दिसताहेत असं वाटतं. आनंदाची की दुःखाची बातमी? पॉप आर्टमध्ये ठिपके असतातच ना?

मीरा_जर्सी

ते लिक्टेन्स्टाइन या दुसऱ्या पॉप चित्रकाराचे! मोठे, एका रंगाचे, डोळ्यांना दिसणारे, कॉमिक्सची नक्कल म्हणून मुद्दाम काढलेले. वेसलमन सपाट रंगवाला. आणि लिक्टेन्स्टाइननेही पहुडलेली बाई केलीय, १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या जेमिनी जी.ई.एल. कार्यशाळेत, पण लाकडी ठशातून, जर्मन एक्सप्रेशनिस्टांची थट्टा करत. तिच्यात टोकदार कोन जास्त, मांस कमी.

शाईवाला

ठिपके एका रंगाचे की चार रंगांचे ते सांग. आणि फ्रेम उघड. नंबर कागदावर आहे की मॅटवर? पहिल्या पोस्टमध्ये तू 'मॅटच्या कडेला' लिहिलंयस. तेव्हापासून डोक्यात खटकतंय.

खट्याळ

शेरलॉक इचलकरंजीकर.

ओहायोकर

उघडली.

मागचा तपकिरी कागद कात्रीने कापला, बारीक खिळे पकडीने काढले, पुठ्ठा उचलला. मॅट बाजूला केल्यावर खाली अजून चार बोटं कागद निघाला आणि त्यावर ठळक अक्षरांत चित्रकाराचं नाव, एका प्रदर्शनाचं नाव आणि तारखा. प्रदर्शनाचं पोस्टर आहे. नंबर आणि सही मॅटच्या पुठ्ठ्यावर, कुणीतरी टोकदार पेन्सिलने मन लावून केलेली. गालावर चाररंगी ठिपके, शाईवाला म्हणाले तस्सेच फुलासारखे. मॅटने झाकलेल्या पट्टीतला निळा अजून गडद आहे. बाकीचा फिका पडलाय. म्हणजे बाई बरीच वर्षं उन्हात होती.

बायको हसून हसून खाली बसली. मी फ्रेमचे खिळे शोधतोय, दोन सापडत नाहीत.

पेठेतला

१३० डॉलरमध्ये मॅटसकट फ्रेम मिळाली. इथे काचवाल्याकडे जाऊन बघा, फ्रेमच्या भावातच आहे.

सरळमार्गी

ही सरळ फसवणूक आहे. सेलवाल्यांकडे परत जा, पैसे मागा, नाही दिले तर तक्रार करा. असल्या लोकांना मोकळं सोडायचं नाही.

ओहायोकर

सरळमार्गी, फोन केला होता. सेलवाल्या बाई म्हणाल्या, "मला फ्रेम जशी मिळाली तशी विकली, पाटीवर 'सगळी विक्री अंतिम' लिहिलंय." बहुधा खरंही असेल. नंबर घालणारा कधीच निघून गेला असेल, कदाचित ज्यांच्या घरी होती त्यांनाही माहीत नसेल. त्यांनी वीस वर्षं पाहुण्यांना 'शंभरातली सतरावी' म्हणून दाखवली असेल तर त्यांचं सुख मी का मोडू?

मीरा_जर्सी

वाईट वाटून घेऊ नका. वॉरहॉलच्या मेरिलिन मन्रोच्या छापांच्या प्रती १९७० पासून 'संडे बी मॉर्निंग' नावाने निघताहेत, पाठीमागे शिक्का, 'तुमची सही तुम्हीच करा'. त्यातल्या काहींवर वॉरहॉलने स्वतः लिहिलं, 'हे माझं नाही', आणि खाली सही. आता त्या सहीवाल्या प्रती वेगळ्या किमतीला जातात.

आणि पोस्टरही चांगलं असू शकतं. फक्त ॲसिड-फ्री मॅट घाला, कागद पुठ्ठ्याला चिकटवू नका, आणि उन्हाच्या भिंतीवर नको.

निरर्थक

काल १३० ला आवडलं होतं, आज पोस्टर आहे कळल्यावर तेवढंच आवडतं का, ते प्रामाणिकपणे सांगा. फक्त कुतूहल.

ओहायोकर

प्रामाणिकपणे? दोन दिवस बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन उतरलो तर ती निळी भिंत दिसली आणि पुन्हा आवडलं. पण १७/१०० ची आठवण येते. खोटं बोलत नाही.

*(सात आठवड्यांनी)*

ओहायोकर

धागा वर काढतोय, माफी असावी. आई येऊन नऊ दिवस झाले. आम्ही चित्र अभ्यासिकेत लावलं होतं, राउटरच्या वरती, मॅट काढून, प्रदर्शनाच्या तारखांसकट. दार ओढून घेत होतो. तिसऱ्या दिवशी आईला वायफाय लागेना म्हणून ती सरळ आत गेली.

मी मागे धावलो. ती चष्मा वर करून बघत होती. मग विचारलं, "हिचे डोळे राहिले का रे?" मी मीराताईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, व्यक्तिचित्र नको होतं वगैरे. ती म्हणाली, "गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारा माणूस वेगळा असतो. तो आला नाही की मूर्ती अशाच बसून राहतात ओळीने. मला वाटलं, तसंच काही." आणि राउटर बंद-चालू करून निघून गेली.

संध्याकाळी फोनवर मावशीला सांगत होती, "नाही नाही, चांगलं आहे चित्र. अर्धवट आहे."

अनघा_स

तुमच्या आईंना इथे आयडी काढून द्या. मी त्यांची पंखा.

शाईवाला

पेणचे मूर्तिकार आमच्याकडून पुठ्ठ्याचे खोके छापून घेतात. तिथे बघितलंय, डोळ्यांना बसतो तो माणूस कुणाशी बोलत नाही, चहा पण नंतर. आईंना नमस्कार सांग.

वाईकर_जुने

वाईत कुठल्या आळीत घर?

ओहायोकर

गंगापुरी.

वाईकर_जुने

अहो मग ओळखतो मी! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नवा_सभासद_डेट्रॉइट

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. पूर्ण धागा वाचला नाही, क्षमस्व. माझ्याकडेही हेच चित्र आहे, गुलाबी बाई, निळी भिंत, संत्रं. पेन्सिलने ४२/१००, सही पण आहे. खरं असेल का? किती येतील?

शाईवाला

मॅट काढा.